दोन चाकांमधला पीळ

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत एकाच आठवड्यात दोन प्रश्न माझ्यापर्यंत आले. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने जिन्यात गाठून विचारलं, "काका, ऑफरोडला जाताना स्वे बार काढून टाकायचा असतो म्हणे. माझ्या थारचा काढून टाकू का?" दोन दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, सिंहगडावरून उतरताना आमची गाडी इतकी कलते की सासूबाई वरची कडी सोडतच नाहीत. ह्यांना कुणीतरी जाड बार बसवायला सांगितलंय. बसवावा का?"

एकाला बार नकोसा झालेला, दुसरीला तो अपुरा वाटणारा. वस्तू मात्र एकच. उंच आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या पुण्यात वाढल्या, तसे हे दोन्ही प्रश्न वारंवार कानावर येतात. पण बहुतेकांना उत्तर मिळतं ते आधी निर्णय आणि मग कारण अशा उलट्या क्रमाने. आपण कारणापासून सुरुवात करू.

१. हा दांडा असतो कुठे?

पुण्यातल्या गॅरेजांत याला 'स्टॅबिलायझर' म्हणतात, पुस्तकात 'अँटी-रोल बार' आणि ऑफरोडवाल्यांच्या तोंडी 'स्वे बार'. तिन्ही नावं एकाच दांड्याची.

गाडीच्या पुढच्या बाजूने खाली वाकून पाहिलं, तर एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे आडवा गेलेला, बोटाहून जाड असा गोल पोलादी दांडा दिसतो. दोन ठिकाणी तो रबरी बुशांमधून चॅसिसला पट्ट्यांनी धरलेला असतो. दोन्ही टोकांना तो काटकोनाच्या आसपास वळवलेला असतो, जणू माणसाने दोन्ही हात पुढे केलेत. त्या हातांच्या टोकांपासून चाकाच्या जोडणीपर्यंत एकेक छोटी लिंक रॉड जाते. पुष्कळ गाड्यांत मागेही असाच एक दांडा असतो. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना अशा दांड्याचं पेटंट १९१९ साली मिळालं. मूळ रचनेत तेव्हापासून फारसा फरक पडलेला नाही.

एक गल्लत इथेच दूर करू. गाडीचं वजन पेलतात स्प्रिंगा किंवा पाटे. त्यांचं उसळणं थांबवतात शॉकअप. हा दांडा यातलं काहीच करत नाही. गाडी सपाट जागी उभी असेल, तर तो अंगावर कसलाही भार न घेता नुसता पडून असतो. मग तो करतो काय?

२. कपड्यांच्या हँगरचा प्रयोग

घरात तारेचा जुना हँगर असेल तर पकडीने त्याची सरळ बाजू कापून घ्या. साधारण २० सेंटिमीटरचा मधला भाग आणि दोन्ही टोकांना १० सेंटिमीटरचे हात राहतील असा त्याला 'यू'चा आकार द्या. मधला भाग टेबलावर ठेवा, दोन ठिकाणी कापडाची घडी घाला आणि घरातल्या कुणालातरी त्यावर बोटं दाबून धरायला सांगा. कापडाच्या घड्या म्हणजे आपले रबरी बुश.

आता दोन्ही हात एकदम वर उचला. तार कापडात नुसती फिरेल, विरोध करणार नाही. लक्ष्मी रोडवरच्या स्पीडब्रेकरवर पुढची दोन्ही चाकं एकदम चढतात तेव्हा हेच होतं. चाकं जोडीने वर-खाली होत असतील तर दांड्याला काही काम नसतं.

मग एक हात टेबलाजवळ धरून ठेवा आणि दुसराच उचला. आता मधली तार पिळली जाईल. उचलणाऱ्या बोटाला विरोध जाणवेल, आणि खाली धरलेला हात वर यायला धडपडेल. या दांड्याचं सगळं कार्य या एका पिळात आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. इथे नेमकं उलट हवं असतं, दर वेळी घेतलेला पीळ पुरता उलगडायला हवा. म्हणून तो स्प्रिंगच्या पोलादाचाच करावा लागतो.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरचं चाक बॉडीच्या जवळ येतं, आतलं लांब जातं. एक हात वर आणि एक खाली झाला की दांडा पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. हा त्याचा उपकार.

पण एक चाक खड्ड्यात गेलं आणि दुसरं सपाट डांबरावर राहिलं, तरीही एक हात वर आणि एक खालीच असतो. वळण आणि खड्डा यांतला फरक दांड्याला कळत नाही. तो खड्ड्यातल्या चाकाला खाली जाऊ देत नाही आणि त्याचा झटका पलीकडच्या चाकापर्यंत पोचवतो. केळकर रस्त्यावर एका बाजूचं चाक चेंबरच्या झाकणात आपटतं आणि मान डावी-उजवीकडे हलते, त्या हलण्यात या दांड्याचा वाटा असतो. दोन चाकांची त्याने सोयरीक जुळवलेली असते, आणि सोयरिकीत एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतंच.

३. घाटातलं वळण, थोडा हिशेब

वहिनींचा प्रश्न आधी घेऊ. गाडी कलते म्हणजे काय होतं?

समजा गाडी १,८०० किलोची आहे. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर, आणि सगळं वजन एका बिंदूत गोळा झालंय असं मानलं तर तो बिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य, जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर. उभ्या गाडीत डाव्या चाकांवर ९०० आणि उजव्या चाकांवर ९०० किलो.

ही गाडी ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी सुमारे ३९ किलोमीटरने गेली, तर तिला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या ०.४ पट भरतो, म्हणजे ७२० किलोंचा. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकलं हे काढायचं तर हा जोर गुणिले उंची, भागिले चाकांमधलं अंतर. ७२० गुणिले ७५, भागिले १५०. उत्तर ३६० किलो. आता आतल्या बाजूवर उरले ५४०, बाहेरच्या बाजूवर झाले १,२६०.

तेच वळण ताशी ५० ने घेतलं तर? वेग सव्वापटीच्या थोडा वर गेला, पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तो दीडपटीच्याही पुढे गेला आणि आतल्या चाकांवर उरले जेमतेम ३१० किलो.

या हिशेबात दांडा कुठेच आला नाही. वेग आला, उंची आली, रुंदी आली, दांड्याची जाडी आली नाही. जाड बार बसवल्याने गाडी कमी कलते, डोळ्यांना आणि पोटाला बरं वाटतं, पण बाहेरच्या बाजूला सरकणारं एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं. कमी कलणारी गाडी उलटायची भीती त्या प्रमाणात कमी होते असं नाही. उलट कलणं ही गाडीने चालकाला दिलेली ताकीद असते, आणि जाड बार ती दबक्या आवाजात देतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण जाड बार बसवल्यावर माणूस तेच वळण पाच किलोमीटर जास्त वेगाने घेतो.

आता टपावर कॅरियर लावू. सामानासकट त्याचं वजन ८० किलो आणि जमिनीपासून उंची २ मीटर. गाडीचा गुरुत्वमध्य ७५ वरून ८० सेंटिमीटरवर जातो आणि पहिल्याच वेगाला सरकणारं वजन ३६० वरून ४०० किलोंवर. वहिनींच्या गाडीवर असंच एक कॅरियर होतं, दोन वर्षांपूर्वीच्या सहलीसाठी बसवलेलं. त्यात स्टेपनी आणि रिकामा जेरीकॅन अजून तसाच होता.

४. दोन मिलिमीटरचा फरक

जाडीबद्दल दुकानात सहज म्हटलं जातं, "थोडासाच जाड आहे." या 'थोडासा'ची किंमत समजून घ्यायला हवी. गोल दांड्याचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा दांडा काढून २२ चा बसवला, तर जाडी १.१ पट झाली. १.१ ला चार वेळा आपल्यातच गुणा: १.४६. दोन मिलिमीटरमध्ये कडकपणा ४६ टक्क्यांनी वाढला.

याच नियमामुळे पोकळ दांडे चालतात. आतून निम्म्या व्यासाचं भोक ठेवलं तर वजन चौथ्या हिश्शाने घटतं, पण कडकपणा सव्वासहा टक्केच कमी होतो. पीळ पेलतं ते बहुतांशी बाहेरचं कवच, गाभा नाही.

हाताच्या लांबीचा परिणाम उलटा असतो. हात २० सेंटिमीटरचे २२ केले तर कडकपणा १७ टक्क्यांनी उतरतो. बाजारात काही दांड्यांच्या हाताला ओळीने दोन-तीन भोकं असतात. लिंक शेवटच्या भोकात लावली की दांडा मऊ, आतल्या भोकात लावली की कडक. पान्याच्या दोन फेऱ्यांत बदलता येणारी ही सोय मला एका जाड दांड्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

आता महत्त्वाचा भाग. सरकणारं एकूण वजन दांडा बदलत नाही, पण ते पुढच्या जोडीने किती झेलायचं आणि मागच्या जोडीने किती, हे ठरवण्यात मात्र दांड्यांचा मोठा वाटा असतो. ज्या टोकाचा दांडा कडक, त्या टोकाचं बाहेरचं चाक जास्त दबतं आणि ती जोडी आधी पकड सोडते. पुढचा दांडा कडक असेल तर गाडीचं नाक वळणाबाहेर ओढलं जातं. चालकाला ते लगेच कळतं, तो ॲक्सिलरेटर सोडतो, गाडी परत ओळीत येते. मागचा कडक असेल तर शेपूट घसरतं, आणि ओल्या घाटात घसरलेलं शेपूट सावरणं सराईत माणसालाही जड जातं. म्हणून कंपन्या मुद्दाम पुढची बाजू मागच्यापेक्षा कडक ठेवतात. 'मागे जाड बार टाका, गाडी मस्त वळते' हा सल्ला सपाट ट्रॅकवरचा आहे. वरंध घाटात तो नको.

५. खडकावर गणित फिरतं

आता तिसऱ्या मजल्यावरचा प्रश्न. ओढ्याच्या पात्रात एक चाक दगडावर चढलंय, शेजारचं खळग्यात लोंबतंय. चारही चाकं जमिनीला टेकलेली हवीत, पण दांडा खळग्यातल्या चाकाला वर धरून ठेवतो. ते अधांतरी राहतं.

अधांतरी चाकाचं नुकसान कळायला विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. चाकावरून दोर टाकलाय आणि दोन्ही टोकं दोघांनी धरलीत. एकाने टोक सोडून दिलं तर दुसऱ्याच्या हातातला ताणही त्या क्षणी नाहीसा होतो. गाडीतलं साधं डिफरेन्शियल याच न्यायाने चालतं, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म.

म्हणून ऑफरोडवाले 'फ्लेक्स'च्या मागे असतात. फ्लेक्स म्हणजे एकेक चाक दुसऱ्याची पर्वा न करता किती वर-खाली होऊ शकतं ते. हे मोजायची सोपी पद्धत आहे. २० अंशांच्या चढावर पुढचं एकच चाक चढवत न्यायचं, आणि कुठलंही चाक जमीन सोडायच्या बेतात आलं की थांबायचं. चढलेलं अंतर भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, गुणिले १,०००. गाडी २४५ सेंटिमीटरची आणि चाक १२० सेंटिमीटर चढलं तर आकडा ४९०. दांडा जोडून आणि सोडून असे दोन आकडे काढले, की आपल्या गाडीत त्याच्यामुळे खरंच किती अडतं ते कळतं. ऐकीव गोष्टींवर जायची गरज उरत नाही.

दांडा सोडल्याचा फायदा प्रत्येक गाडीत सारखा नसतो, आणि बहुतेक सल्ले इथेच चुकतात. मारुतीची जिम्नी, जीपची रँग्लर या गाड्यांना पुढेही अखंड हाऊसिंग आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच भक्कम आसावर. एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. तिथे पुढचा दांडा सोडला की चाकं डोळ्यांदेखत खाली उतरतात. नाशिकला तयार होणाऱ्या २०२० च्या थारला मात्र पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र, मागे अखंड हाऊसिंग आणि दोन्हीकडे दांडे आहेत. स्वतंत्र चाकाचा वर-खाली प्रवास मुळातच आखूड असतो. त्याचे जोडहात आणि शॉकअप त्याला आधीच थोपवतात. अशा गाडीत पुढचा दांडा सोडून मिळतं थोडं, जातं बरंच.

६. मग पर्याय कोणते?

पहिला, आहे तसं ठेवणं. याकडे लोक कमीपणा म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. मागच्या आसाला डिफरेन्शियल लॉक असेल तर हवेतल्या चाकाचा प्रश्न निम्म्याहून अधिक तिथेच सुटतो, कारण लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. चाकांतली हवा ३२ पौंडांवरून २० च्या आसपास उतरवली की टायर स्वतः दगडाचा आकार घेतो. या दोन्ही गोष्टींनी घाटातल्या वळणाला धक्का लागत नाही, फक्त डांबरावर येताच हवा परत भरायची.

दुसरा, हाताने सोडायच्या लिंक. नेहमीच्या लिंकऐवजी खिटी ओढली की सुटणाऱ्या लिंक पुढे बसवायच्या. मूळ लिंक रानात सोडणं किती कटकटीचं असतं ते एकदा केल्यावर कळतं. नट फिरवला की आतला स्टडही फिरतो. म्हणून एका हाताने टोकाला ॲलन की अडकवून धरायची आणि दुसऱ्याने पाना फिरवायचा, तेही चिखलात आडवं होऊन. खिटीने ते काम पाच मिनिटांचं होतं. पण शिस्त हवी. जागा सपाट, हँडब्रेक ओढलेला. दोन्ही बाजू सोडायच्या आणि सुटलेला दांडा वर बांधायचा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दांडा टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं.

आणि परत जोडायचं. हे मी अनुभवाने लिहितोय. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या जीपमधून वेल्ह्याकडच्या एका शेतवाटेवरून परतत होतो. अंधार पडत होता, भुरभुर सुरू झाली होती, आणि दोन्ही खिट्या हत्यारांच्या पेटीत तशाच राहिल्या. गाडी मी चालवत होतो. पाबे घाटाच्या तिसऱ्या वळणावर, चाळिशीच्या आतल्या वेगाला, मागची बाजू दरीकडे हातभर सरकली. मित्र काही बोलला नाही. फक्त डॅशबोर्डवर टेकवलेला त्याचा हात पांढरा पडलेला दिसला. त्या वेळी मला वाटलं, टायरला चिकटलेल्या चिखलाने घसरलो. चिखल होताच, पण खरं कारण चौथ्या भागात आलंय: पुढचा दांडा सुटलेला, मागचा जोडलेला. सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा मागच्या जोडीने झेलला आणि तिने आधी पकड सोडली. कलणं दिसतं, म्हणून माणूस त्याला घाबरतो. ही पुढची-मागची वाटणी दिसत नाही, आणि धोका तिच्यात असतो. त्यानंतर आम्ही खिट्या काढल्या की गाडीची किल्ली आणि खिट्या एकाच दोरीत बांधतो. खिटी लागल्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही.

तिसरा पर्याय विसरभोळेपणावरच तोडगा काढतो. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला २०२१ पासून रँग्लरची जुळणी होते. तिच्या रुबिकॉन प्रकारासाठी जीपने पुढचा दांडा मधोमध दुभागलाय आणि दोन भाग एका दातेरी बाहीने जोडलेत. फोर-व्हीलमध्ये टाकून बटण दाबलं की बाही सरकते आणि डावं-उजवं वेगळं होतं. वेग ताशी २९ किलोमीटरच्या वर गेला की गाडी स्वतःच त्यांना पुन्हा जोडते. फोर्डच्या ब्रॉन्कोत हेच काम तेलाच्या दाबाने होतं. टोयोटाने तर लँड क्रूझरच्या काही पिढ्यांत पुढचा आणि मागचा दांडा तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडून, वळण आणि खड्डा यांतला फरक ओळखणारी रचना केली. वळणावर पुढचा आणि मागचा दांडा एकाच दिशेने पिळतो, तिरक्या खळग्यांत विरुद्ध दिशांनी. त्यावरून तेल कुठे अडायचं आणि कुठे वाहायचं ते ठरतं. दुसऱ्या भागात म्हटलं की दांड्याला फरक कळत नाही. एकट्या दांड्याला कळत नाही, पण पुढचा आणि मागचा एकत्र बघितले तर फरक उघड होतो. ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

चौथा, कायम जोडलेला पण मऊ दांडा. रँग्लरसारख्या गाड्यांसाठी 'अँटीरॉक' नावाचा असा प्रकार परदेशात बराच चालतो. सरळ दांडा, वेगळे लांब हात, हातावर भोकांची ओळ. रस्त्यावर थोडं जास्त कलणं आणि खडकावर थोडी कमी मोकळीक, दोन्ही पत्करायचं. रोज खडकांत फिरणाऱ्याला हा चांगला.

दांडे कायमचे काढून टाकणं हा पाचवा पर्याय म्हणून मी लिहीत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीने तो घेऊच नये. बनावटीतल्या बदलांबाबत मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ ही लागू होतं, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस गाडीखाली वाकतोच.

७. गाडी उंच केली असेल तर

५० मिलिमीटरने गाडी उचलली की बॉडी वर जाते आणि चाकं होती तिथेच राहतात. दांडा बॉडीबरोबर वर जातो, पण त्याचे हात लिंकमुळे खाली ओढले जातात. आडवे असायला हवे होते ते तिरके लोंबतात, लिंकही तिरपी होते, आणि मोठ्या खड्ड्यात हात उलटून अडकायची भीती असते. उपाय साधा आहे: उचललेल्या उंचीच्या मापाने लांब लिंक घालून हात पुन्हा जवळजवळ आडवे करायचे. पण दोन्ही लिंक अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, आणि शेवटचा नट गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना आवळायचा. माझ्या माहितीतल्या एका गाडीला एका गॅरेजात दोन वेगळ्या लांबीच्या लिंक लागल्या. गाडी उभ्या-उभ्याच एका बाजूला कलायला लागली, कारण दांडा सपाटीवरही पिळलेला होता. दोन महिने स्प्रिंगा तपासल्या गेल्या. शेवटी पट्टीने लिंक मोजल्या तेव्हा फरक दीड सेंटिमीटर निघाला.

८. पहिला मजला, तिसरा मजला

वहिनींच्या गाडीखाली आम्ही रविवारी सकाळी वाकलो. लिंक रॉड हाताने धरून हलवली तर 'खट' असा आवाज आला. मधल्या बुशांचं रबर भेगाळलं होतं, बोट दाबलं की दांडा आत हलताना दिसत होता. म्हणजे गाडी कलायला लागल्यावर पहिले काही मिलिमीटर दांडा नुसता बुशात सरकायचा आणि नंतर कामाला लागायचा. असलेला बारच पुरता काम करत नव्हता, तर जाड बसवून काय होणार? नाना पेठेतून बुश आणि लिंकचा जोड आणला, कॅरियर उतरवून गच्चीवर ठेवलं, मागचे दोन्ही शॉकअप बदलले. परवा सिंहगडावरून येताना सासूबाई पायथ्यापर्यंत झोपल्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाबरोबर कागद घेऊन बसलो. त्याचा बेत असा: वेल्ह्याकडे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, त्यात पाबे घाट दोनदा, आणि खरी माती चार किलोमीटर, तीही ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून, वनखात्याच्या हद्दीबाहेर. त्याच्या गाडीला मागे लॉक आहे आणि पुढची चाकं स्वतंत्र. मी सांगितलं, दांड्याला हात लावू नकोस. हवा मोजायचा मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर घे. चार किलोमीटर मातीसाठी सव्वाशे किलोमीटर डांबराची गाडी बिघडवायची नसते. तो जरा खट्टू झाला. इगतपुरीच्या महिंद्राच्या ऑफरोड प्रशिक्षण केंद्रात आधी एक दिवस घालव म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला.

गेल्या आठवड्यात त्याने एक फोटो दाखवला. ओढ्यात तिरकी उभी असलेली थार, पुढचं डावं चाक जमिनीपासून वीतभर वर. "लॉक लागला आणि निघाली काका," तो म्हणाला. मग दोन बोटांनी फोटो मोठा करत गाडीच्या पोटाखाली नेला आणि काळोखातल्या एका रेषेवर बोट ठेवलं. दांड्याचा एक हात वर गेलेला, दुसरा खाली. "हा बघा," तो म्हणाला, "हा पिळलाय ना?"